निळ्या शर्टवाला आणि घारी

हे आत्ताच्या आत्ता सांगायचंय, नाहीतर रात्रभर डोक्यात फिरत राहील.

मी आठवीत, आम्ही गौलीगुडा मोहल्ल्यात राहायचो. घरी नवीन नवीन केबल आलेली. शहरात दंगल पेटली, कर्फ्यू लागला आणि केबलपण बंद. मग दादानं कुणाकडून तरी आणलेली एक जुनी मराठी कादंबरी काढली. वाचणार तोच, कारण मराठी शाळेत गेलेला तो एकटा. आई तेलुगू शाळेतली, मी इंग्लिश मीडियमवाली, जोडाक्षर आलं की अडकायची.

कादंबरीत एक वेढा पडलेलं शहर. बाहेर तोफा, आत उपासमार. बुरुजावर जो मरेल त्याची घार व्हायची आणि झेप घेऊन शत्रूचे डोळे फोडायची. दादा असं वाचायचा की वाटायचं बुबुळं आता ताटात पडतील.

"जेवताना नक्को रे ते," आई म्हणायची.

"आई, युद्धात जेवणाची सुट्टी नसते."

मग कर्फ्यूत थोडी ढील मिळाली. दादा दूध आणायला निघाला, त्याच्या मागं मी. गल्लीच्या तोंडाशी एकदम पळापळ. निळ्या शर्टातल्या एकानं वीट फेकली, सरळ दादाच्या तोंडावर. नारळ फुटल्यासारखा आवाज. दादा खाली बसला, ओंजळीत रक्त आणि दात. एका दुकानदारानं अर्धं शटर उचलून आम्हाला आत ओढलं. "अंदर आव बेटा, आवाज नक्को करो." बाहेर कुणाला तरी लाकडानं मारत होते. आधी तो माणूस ओरडत होता. नंतर नुसतं लाकूड ऐकू येत होतं.

दवाखान्यात दादाचा जबडा तारांनी बांधला. डॉक्टर म्हणाले, दात मिटूनही बोलता येतं, त्याला बोलतं करा. पण तो हूं की चूं करेना. दिवस जात राहिले. "याचा आवाज गेला काय की," आई मला एकटीला गाठून म्हणायची.

मग मीच कादंबरी घेऊन त्याच्यापाशी बसले. अडखळत वाचतेय, आणि घारी कुठंच नाहीत. बुरुजावर माणूस मेला की मेलाच, त्याला जाळून टाकतात. मला वाटलं मलाच वाचता येत नाही. तीच ओळ पुन्हा, पुन्हा.

"दादा, घारी कुठायत?"

त्यानं बोट स्वतःच्या कपाळाला लावलं. लबाड. इतके दिवस मनानंच रचून सांगत होता.

मग मीपण पुस्तक मिटलं. म्हटलं, ऐक. बुरुजाखाली निळ्या शर्टवाला उभा आहे, हातात वीट. घार आली. एक डोळा काढला. दुसरा काढला. आता नखांनी जबडा धरलाय, हळूहळू फाडतेय, तो आईला हाका मारतोय. मला थांबवेना. इतकं बरं वाटत होतं.

"सोड त्याला."

दात मिटलेले, तारांमधून आलेला, घोगरा आवाज. दादाचा. आई दारात थिजून उभी.

"का सोडू?" मी रडत म्हटलं. "त्यानं तुला सोडलं का?"

"सोड म्हटलं ना."

माणूस घारीच्या नखांत लटकलेला, आणि त्याला खाली कसा उतरवायचा तेच मला सुचेना.

तुम्ही कधी गोष्टीत कुणाला असं मारायला घेतलंय का? आणि ज्याच्यासाठी मारत होता त्यानंच हात धरलाय का? सांगा ना.