न्हावीदादांचे प्रेक्षक

न्हावीदादांच्या दुकानात दाढीपेक्षा टीव्हीवरच्या विनोदी मालिकेला जास्त मान होता. मालिका एकच, भागही तेच जुने. जावई सासऱ्याचा विग मोजा समजून धुवायला टाकतो, तो प्रसंग आला की दादा वस्तरा बाजूला ठेवत आणि विनोद घडण्याआधीच पोट धरून हसत. गिऱ्हाईक बिचारं अर्ध्या गालावर फेस घेऊन बसलेलं असे.

"दादा, हे तुम्ही आधी पाहिलंय ना?" शाळेतल्या मास्तरांनी एकदा विचारलं.

"पाहिलंय म्हणून तर हसतोय. नव्या विनोदाचा काय भरवसा?"

मग एके दिवशी टीव्ही बंद पडला. गिऱ्हाइकांना हायसं वाटलं, पण ते सुख फार टिकलं नाही. मास्तरांची दाढी करता करता दादांनी तो प्रसंग स्वतःच करून दाखवला. सासराही दादाच, जावईही दादाच. शेवटी ते थांबले आणि आरशातून मास्तरांकडे आशेने पाहू लागले. वस्तरा मास्तरांच्या गळ्याशीच होता. मास्तर अगदी मनापासून हसले. बाकावरचे दोघेही हसले, कारण पुढचा नंबर त्यांचा होता.

दादांनी टीव्ही दुरुस्त केलाच नाही. "लोकांना मीच जास्त आवडतो," ते बायकोला म्हणाले.