मुलीसाठी मंचरला

अकरा वर्षं न्यूझीलंडमध्ये काढून आम्ही दोघं मंचरला, नवऱ्याच्या गावी, राहायला आलो, ते मूल दत्तक घेण्यासाठी. तिथूनही अर्ज करता आला असता, पण वाट फार बघावी लागणार होती आणि आमची चाळिशी उलटलेली. भारतात येऊन वर्षभर राहिलं तर इथूनच अर्ज करता येतो, असं कळलं. नवरा तिकडे शीतगृहांची यंत्रं दुरुस्त करायचा. म्हणाला, "मंचरला बटाट्याची कोल्ड स्टोरेज काय कमी आहेत? काम मिळेल." मूल घ्यायचं आणि परत जायचं, असा बेत. तिकडचं घर भाड्यानं देऊन आलो.

इथं घरात सासरे एकटेच होते. त्यांना मी मामा म्हणते. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले मेकॅनिक, बोलणं कमी. आम्ही कशासाठी आलोय हे नवऱ्यानं त्यांना सांगितलं. मामांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "किती वर्षांचं हाय?"

"अजून ठरलेलं नाही, बाबा."

"बरं. ठरलं की सांगा."

वर्ष सरलं, अर्ज गेला, आणि घर बघायला समाजसेविका ताई आल्या. आमचे पगार, आजार, भांडणं, सगळं विचारून झाल्यावर त्या मामांकडे वळल्या. "आजोबा, मूल तुमच्या रक्ताचं नसणार. तुम्हाला चालेल ना?"

मामांनी दारातून अंगणाकडे बघितलं.

"ते ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "हितं बिबट्या येतो उसातनं. अंगणाला जाळी न्हाई. ती आधी करायला पायजे."

ताईंनी ते लिहून घेतलं. दुसऱ्याच दिवशी मामा लोखंडी जाळी घेऊन आले आणि आठवडाभर स्वतः वेल्डिंग करत बसले.

त्यानंतर बरेच महिने काहीच नाही. मग एका दुपारी फोनवर एक फोटो आला. साडेपाच वर्षांची मुलगी, केस बारीक कापलेले, कॅमेऱ्याकडे रागानं बघणारी. ती होती त्या संस्थेतल्या बाईंनी स्पष्ट सांगितलं, ही आधी एका घरी गेली होती, चार महिन्यांनी त्यांनी परत आणून सोडली. आम्ही कारण विचारलं. "जमलं नाही म्हणाले," एवढंच उत्तर.

ती आमच्या घरी आली ती एक गुलाबी पिशवी छातीशी धरून. पिशवीत दोन फ्रॉक, कंगवा आणि एक डबा. कपाट दाखवलं तरी कपडे पिशवीतच. अंघोळ झाली की पिशवीतून फ्रॉक काढून घालायची, संध्याकाळी घडी करून परत आत. रोज एकच प्रश्न, तोही मला नाही, मामांना: "उद्या जायचं का?"

"उद्या न्हाई," मामा म्हणायचे. त्यांचं ते उत्तर तिला पटायचं. मी "कधीच जायचं नाही, बाळा" म्हटलं की तोंड फिरवायची.

तीन आठवडे झाले आणि मी चूक केली. ती मामांबरोबर बाजारात गेली असताना तिचे फ्रॉक धुऊन कपाटात लावले आणि पिशवी माळ्यावर टाकली. तिला छान वाटेल, असं मला वाटलं होतं. आल्यावर तिनं पिशवी शोधली आणि जी किंचाळली, ती शेजारचे धावत येईपर्यंत. जेवली नाही. मला जवळ येऊ देईना.

मामांनी शिडी लावली, पिशवी काढली, धूळ झटकली आणि तिच्या हातात दिली. मग स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाले, "ऱ्हाऊ दे तिची पिशवी. तुमच्या ब्यागा तरी कुठं रिकाम्या केल्यात तुमी?"

खरंच होतं. दीड वर्षापासून आमच्या दोन मोठ्या बॅगा पलंगाखाली होत्या, परत जायच्या तयारीत. ती रोज त्यांच्याशेजारीच बसून खेळायची.

त्या संध्याकाळी नवऱ्याशी बोलले. तो पलंगाजवळ वाकला आणि म्हणाला, "काढ बाहेर." आम्ही दोघांनी खोलीच्या मधोमध बॅगा उघडल्या. जाड कोट, लोकरीचे मोजे, टोप्या. ती दारात उभी राहून बघत होती.

"हे कुठं घालायचं?" तिनं मला विचारलं. मला विचारलेला तिचा तो पहिला प्रश्न.

"इथं नाही घालायचं. इथं गरम होतं."

"मग आणलं कशाला?"

"परत जाणार होतो."

"आता?"

"आता नाही जाणार."

तिनं एक लाल टोपी उचलली आणि डोक्यावर ओढली. मंचरच्या उकाड्यात ती टोपी घालून चार दिवस फिरली. पुढच्या महिन्यात आम्ही तिकडचं घर विकायला काढलं. अवघड गेलं नाही असं म्हणणार नाही; त्या खिडकीतला समुद्र मला अजून आठवतो.

दत्तकाचा आदेश घ्यायला तिघं जिल्हाधिकारी कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांनी तिला प्रेमानं विचारलं, "बाळ, तुला या घरी कधी आणलं?"

"मला नाही आणलं," ती म्हणाली. "आई लई लांबून आली. विमानानं." आणि मग, साहेबांना नीट कळावं म्हणून, "मी हितंच व्हते."

साहेब हसले. मी मात्र 'आई' या शब्दावरच अडकले होते. घरी ती मला तोपर्यंत काहीच म्हणत नव्हती. कागदावर सही कुठं करायची ते नवऱ्यानं बोटानं दाखवलं, तेव्हा कुठं सही झाली.

आता ती तिसरीत आहे. नवरा कोल्ड स्टोरेजच्या कामात बुडालेला असतो, मी ओतूरच्या एका क्लासमध्ये इंग्रजी शिकवायला जाते. संध्याकाळी ती आणि मामा जाळीच्या आत बसून शेंगा सोलतात. मी काही बोलले की ती मामांकडे बघून म्हणते, "आईचं मराठी लई पुस्तकी हाय." मामा मान हलवतात. "शिकंल," म्हणतात.