मैनेच्या तोंडाचा फेस

आकाराम गवळ्याचा गोठा आणि माझं पेंडीचं दुकान यांच्यात एकच भिंत आहे, तीही नावाला. कोल्हापुरात कुजबुजणं कुणाला जमत नाही, त्यामुळे त्याच्या घरातलं मला न विचारता कळतं. माणूस कष्टाळू. कुणाची म्हैस अडली की ताटावरून उठून धावणारा. खोड एकच, मैना. मैना ही त्याची म्हैस. त्याची बायको होती तेव्हा म्हणायची, ह्यांनी मैनेशीच लग्न करायचं होतं, मी उगाच मध्ये आले.

दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे म्हशींची मिरवणूक निघते. शिंगं रंगवतात, मोरपिसं बांधतात, गळ्यात कवड्यांच्या माळा घालतात. आकाराम फटफटी पुढे पिटाळणार आणि मैना तिचा आवाज ओळखून मागे धावणार, हे बघायला अख्खी पेठ लोटते. त्या दिवशी स्वारी जमिनीवर नसते.

गेल्या वर्षी पाडव्याच्या तोंडावर लाळ्या-खुरकताची लस टोचायला सरकारी डॉक्टर आले. आकाराम मैनेला मागच्या दारानं पंचगंगेवर धुवायला घेऊन गेला.

"वैनी, सुई टोचली की मानंवर गाठ येतीया," तो मला म्हणाला. "कवड्यांची माळ बसंल का नीट? पाडवा झाला की टोचू की."

"माळेसाठी रोग घरात घेणार काय?" मी म्हटलं. तो हसला. हट्टी माणसाला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, म्हणून मी माझ्या कामाला लागले.

पाडव्याच्या सकाळी त्याच्या गोठ्याच्या दाराला पोत्याचा पडदा दिसला. विचारलं तर म्हणाला, "नटलेली म्हैस हाय, दृष्ट लागाय नको." मला ते पटलं. आत खरं काय चाललं होतं ते पुढं त्याच्याच तोंडून कळलं. मैनेनं वैरणीला तोंड लावलं नव्हतं. कान तापले होते, तोंडाला फेस होता. आकारामानं तो धोतराच्या फडक्यानं पुसला, माळ घातली आणि तिला मिरवणुकीत पळवलं. वाटेत सगळ्यांच्या म्हशी एकाच हौदावर पाणी प्यायल्या.

मग पेठेतल्या म्हशींची लाळ गळायला लागली. लस घेतलेल्या म्हशींना फारसं काही झालं नाही. फटका बसला तो बाळाबाईला. एकटी बाई, एकच म्हैस. तीही लसवाले येऊन गेल्यावर कुरुंदवाडकडून आणलेली. तिचं रेडकू उभ्या उभ्या कोसळलं आणि गेलं. खड्डा आकारामानं खणला. बाळाबाईनं डोळ्याला पदर लावून गल्लीभर सांगितलं, आकारामासारखा माणूस न्हाय.

लोकांना मात्र कुणीतरी धरायला हवंच होतं. संध्याकाळी आमच्या दूध कट्ट्यावर म्हशी आणून गिऱ्हाइकासमोर पेल्यात धार काढतात. तिथं ठरलं की रोग बाहेरून आलेल्या म्हशीनंच आणला. साथ सरली, सगळ्या म्हशी कट्ट्यावर परतल्या, पण बाळाबाईला सांगण्यात आलं, तू येऊ नकोस. हे ठरलं तेव्हा आकाराम तिथंच मूग गिळून बसला होता.

त्यानंतर त्याची मुलगी संयोगिता घरी आली. ती विद्यापीठात विषाणूशास्त्रच शिकते. भिंतीपलीकडून बापाचा आवाज आला, "एवढा बारका जीव, आन एवढ्या मोठ्या जनावराला आडवं करतोय कसा गं?"

"आबा, त्याच्याजवळ स्वतःचं काय नसतंय," ती म्हणाली. "एक धागा, त्यावर कृती लिहिलेली. पेशीत शिरला की पेशीच ती वाचती, घरातलीच समजून. नि त्याची सगळी अवजारं आपल्या हातानं करून देती. आधी सगळ्या अवजारांची मिळून एकच लांब पट्टी हुते. ती आपली आपण तुटती. तिचा एक तुकडा धाग्याच्या नकला काढतोय. दुसरे काही तुकडे पेशीतलेच पडदे वाकवून बारक्या खोल्या बांधत्यात."

"खोल्या कशाला?"

"पेशीत पहारेकरी असत्यात. नक्कल काढताना धाग्याला धागा जोडून असतोय. तसली जोडी दिसली की ते बोंब मारत्यात. म्हणून काम पडद्याआड. बोंब हुईस्तोवर हजारो नकला तयार, शेजारच्या पेशीत जायाला."

"पडदा पेशीचाच?"

"पेशीचाच की. त्यो बाहेरनं काय आणत न्हाय."

मग गोठ्याच्या दाराकडून खडखड ऐकू आली. मी डोकावून पाहिलं. तो गोठ्याच्या दारातलं ते पोतं ओढून काढत होता. खिळ्यासकट निघालं.

दुसऱ्या दिवशी मी बाळाबाईकडे पेंड पोचवायला गेले तर आकाराम तिच्या अंगणात उभा. ती चरवी घेऊन म्हशीला गोंजारत होती. रेडकू गेल्यापासून म्हैस पान्हा सोडत नव्हती.

"आक्का, रोग माझ्या मैनेनं आणला," तो म्हणाला. "मी लस टाळली. पाडव्याला तिच्या तोंडाला फेस हुता, पुसून मिरवली. मला म्हाईत हुतं गं."

मला वाटलं, आता ही हातातली चरवी फेकून मारणार. मारली असती तर बरं झालं असतं. बाळाबाईनं चरवी खाली ठेवली.

"त्याचा खड्डा तू खणलास की रं," ती म्हणाली. "मी गल्लीभर सांगत सुटले, आकारामासारखा माणूस न्हाय. आता काय सांगू त्यास्नी?"

त्याची मान छातीला टेकली. एवढा आडदांड माणूस, पण त्या अंगणात त्याला उभं राहायला जागा उरली नव्हती. "तू नगं सांगू. मी सांगतो," एवढंच तो बोलला.

संध्याकाळी कट्टा भरला असताना त्यानं सगळं सांगितलं. लस, फेस, हौद, आपलं गप्प बसणं, काही गाळलं नाही. आमची माणसं पेल्याला फेस कमी आला तरी आईबाप काढतात. त्या दिवशी कुणी एक शिवी दिली नाही. जो तो आपल्या म्हशीच्या आचळाकडे बघत धार काढत राहिला. भर कट्ट्यावर फक्त धारांचा आवाज.

बाळाबाई आता परत कट्ट्यावर येते. तिची म्हैस दाव्याला बांधते ती मधल्या, पिंपळाखालच्या जागी. ती जागा वर्षानुवर्षं मैनेची होती. आकाराम मैनेला घेऊन पार टोकाला, गटारीच्या बाजूला बसतो. त्याला तिथं कुणी बसवलेलं नाही.