कॉम्प्युटरमधला बैलबाजार

अभिमन पाटील मूळचा धरणगावचा, नोकरीला धुळ्यात, देवपुरातल्या एका कॉलेजात. शिकवायचा अर्थशास्त्र आणि जीव जडला होता कॉम्प्युटरवर. कॉलेजात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा प्राचार्यांनी नारळ फोडला, खोलीला पडदे लावले आणि चपला बाहेर काढायचा नियम केला. आम्ही बाकीचे दर्शन घेऊन परत आलो. अभिमन मात्र अनवाणी तिथे राहिला तो राहिलाच. मी रसायनशास्त्राचा, त्याचा मित्र. त्याला ‘पुजारी’ म्हणायचो.

त्याच्या पीएच.डी.चा विषय होता धुळ्याचा बैलबाजार. तिथे भाव तोंडाने ठरत नाही. विकणारा आणि घेणारा रुमालाखाली हात घालतात आणि बोटं दाबून एकमेकांना आकडा सांगतात. असा सौदा कधी जुळतो, कधी मोडतो, हे अभिमनला कॉम्प्युटरवर करून बघायचं होतं. विकणारे खोटे, घेणारे खोटे, नियम तेवढे खरे. अर्थशास्त्रवाले म्हणाले, हे कॉम्प्युटरचं काम आहे. कॉम्प्युटरवाले म्हणाले, यात बैल कशाला? गडी ना इकडचा ना तिकडचा. त्यात विद्यापीठाने मुदत एकदा वाढवून दिली आणि आता पुन्हा नाही, असं बजावलं. त्याच्या बायकोने, लतावहिनींनी, मला बाजूला घेऊन सांगितलं, "भाऊ, या वेळी नाही झालं तर हे खचतील हो." ते मलाही दिसत होतं.

अडचण अशी की कॉम्प्युटरवरचे सौदे पटापट जुळायचे आणि बाजारातले बरेच मोडायचे. का, ते याला कळेना.

नव्वद साल असेल. गावाकडच्या भावाला बैल हवा होता, म्हणून अभिमन मला घेऊन बाजारात गेला. तोतारामभाऊ नावाचे एक शेतकरी दोन बैल घेऊन उभे होते. अभिमनने एकाला पसंत केलं आणि रुमालाखाली हात घातला. बोटं दाबली गेली, माना हलल्या, सौदा ठरल्यात जमा होता. आणि हा शहाणा आनंदाने माझ्याकडे वळून ओरडला, "अरे, माझ्या प्रोग्रॅमने हाच आकडा दिला होता!" नुसतं ओरडला नाही, आकडा मोठ्याने सांगून मोकळा झाला.

तोतारामभाऊंनी झटकन हात काढून घेतला. "काय भाऊ, तुम्ही तं बठ्ठा बजारले सांगी टाकं! आते मना दुसरा बैलना भाव कोन देई? नही इकत मी."

सौदा मोडला. मी भडकलो. धरणगावचा खंदा गडी, जन्म बाजारात गेलेला, आणि रुमालाखालचा भाव चव्हाट्यावर आणतो! पण अभिमन बैलाकडे बघत पुटपुटत होता, "मी फक्त दोघांनाच धरलं रे. भोवती उभे असलेले लोक धरलेच नाहीत." भाव लपवायचा तो समोरच्यापासून नाही, बाकीच्या बाजारापासून. पुढच्या गिऱ्हाइकाने तोच भाव धरून बसू नये म्हणून माणूस हातातला सौदा सोडतो. परत आल्यावर त्याने प्रोग्रॅममध्ये भोवतालचे बघे घातले, शेजारचा दुसरा बैल घातला, आणि तिथले सौदेही बाजारातल्यासारखे मोडायला लागले. सौदे मोडतात म्हणून पेढे वाटणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

पुढे तोंडी परीक्षेचा दिवस आला. बाहेरून दोन परीक्षक आले, एक अर्थशास्त्राचे, एक कॉम्प्युटरचे. मी मागच्या बाकावर बसलो होतो. कॉम्प्युटरवाल्या सरांनी सगळे प्रश्न बैलांवर विचारले. त्यांना भलतीच गोडी लागली. अर्थशास्त्रवाले सर प्रबंधाची पानं उलटत होते. मग चष्मा काढून म्हणाले, "पाटील, तुम्ही प्रस्तावनेत इतकी माफी का मागितली आहे? हे अर्थशास्त्र नाही, असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

सांगणारे तिथेच, पहिल्या रांगेत बसले होते. अभिमनने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "कोणी नाही, सर," म्हणाला.

अखेर गंगेत घोडं न्हालं. परीक्षकांनी हात मिळवले, हार झाला, चहा झाला. अभिमन बाहेर येऊन पायऱ्यांवर बसला. चेहरा पांढराफटक.

"झालं ना रे?" त्याने मला विचारलं.

"झालं."

"परत एकदा म्हण."

मी परत म्हणालो, तेव्हा कुठे तो रडला.