नर्सबाईंची लेकरं

नर्सबाई आम्हा मुलांना कधी नावानं हाक मारत नसत. कोण कसं जन्मलं ते त्यांच्या पक्कं ध्यानात असे आणि तेच आमचं नाव. माझा धाकटा भाऊ नंदू म्हणजे ‘पायाळू’. शेजारचा बंडू ‘चार पौंडी’. सुताराच्या जुळ्या मुली ‘आधीची’ आणि ‘मागची’. मी ‘मुकी’, कारण जन्मल्यावर मी म्हणे रडलेच नव्हते. “दोन पाय धरून उलटी केली, पाठीत चापट्या मारल्या, तवा कुठं आवाज काढलास,” असं त्या भर रस्त्यात सांगत आणि मी लाजून आईच्या मागं लपत असे.

मानवतच्या सरकारी दवाखान्यात त्या नोकरीला होत्या आणि आमच्या गल्लीच्या टोकाला एका खोलीत एकट्या राहत. पांढरं पातळ, घट्ट अंबाडा, काखेत रेक्झिनची काळी पिशवी. चाल अशी की, आम्ही मुलं पळत पळत बरोबर राहायचो. त्यांचं लग्न झालं होतं आणि मोडलंही होतं. मूल होत नाही म्हणून नवऱ्यानं दुसरी केली, एवढंच आईकडून कळलं होतं, तेही हळू आवाजात. बाईंनी स्वतः त्याविषयी कधी चकार शब्द काढला नाही. बाळंतिणीच्या खोलीतून बाहेर आल्या की त्या चहा मागत, बशीत ओतून फुंकर मारत पीत आणि म्हणत, “चला, अजून एक वाढलं माझं.”

वर्षातून एक दिवस मात्र आम्ही खरोखरच त्यांचे असू. हिवाळा सरता सरता परभणीचा उरूस भरायचा. त्यातल्या एका रविवारी बाई गल्लीतली दहा-बारा मुलं गोळा करून एसटीनं परभणीला नेत. निघण्याआधी प्रत्येकाच्या मनगटाला बँडेजची पांढरी पट्टी बांधत, म्हणजे गर्दीत चुकलं तरी ओळखू यावं. “आज समदे माझे पेशंट,” त्या म्हणत. दर थोड्या वेळानं डोक्यांवर हात ठेवत मोजत. हलवा-पराठ्याच्या दुकानावर एकदा कुणी तरी विचारलं, “बाई, एवढी सारी तुमचीच का?” बाई अजिबात हसल्या नाहीत. “हो तर. समदी माझ्याच हातची,” म्हणाल्या आणि पराठ्याचे तुकडे करायला लागल्या.

आकाशपाळण्याची मला भीती वाटे. पाळणा वर जायला लागला की मी डोळे मिटून घ्यायची. बाई शेजारी बसून माझी हनुवटी वर करायच्या. “डोळे उघड. वर हायेस तवर बघून घे. भ्यायचं ते खाली उतरल्यावर भी.” मी डोळे उघडायची. खाली दिव्यांच्या माळा, हसवणाऱ्या आरशांचा तंबू, घोड्यांची चक्री आणि त्यापलीकडे सपाट काळी रानं. बाई तेव्हा आमच्याकडे नाही, लांब कुठं तरी बघत असत. पाळणा थांबला की सगळ्यांत उशिरा उतरत.

मी दहा वर्षांची असताना, पावसाळ्यात, विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात जाळपोळ सुरू झाली. आम्हा मुलांना कुणी काही सांगत नव्हतं. दारं लवकर बंद होत, एसटी बंद होती आणि मोठी माणसं ओसरीवर दबक्या आवाजात बोलत. बाई आठ दिवस दिसल्या नाहीत. सोनपेठकडच्या एका खेड्यात त्यांच्या भावाचं घर होतं. बौद्धांची ती सगळी वस्तीच जाळली होती. आल्या तेव्हा आईनं विचारलं, “भावाचं कसं आहे, बाई?” त्या म्हणाल्या, “माणसं वाचली. घराचं काय, गवताचंच व्हतं.” मग आईच्या पोटावर हात ठेवून म्हणाल्या, “हे आडवं हाय जरा. वजन उचलू नका.”

महिन्याभरानं माझी धाकटी बहीण जन्मली. आई दोन रात्री अडली होती आणि बाई दोन्ही रात्री आमच्या माजघरात तिच्या उशाशी होत्या. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, मोंढ्यात अडतीचं दुकान चालवत. एरवी कुणापुढं न वाकणारा माणूस, पण त्या पहाटे बाईंना हात जोडून म्हणाले, “बाई, तुम्ही होता म्हणून…”

आणि त्यानंतरच्या हिवाळ्यात बाई बँडेजची गुंडाळी घेऊन गल्लीत फिरल्या, तेव्हा कुणीच पोर पाठवलं नाही. बंडूला ताप होता. सुताराच्या मुली मामाकडं जाणार होत्या. आमच्या दारात अण्णा स्वतः उभे राहिले. “सध्या वातावरण बरं नाही, बाई. तुम्हालाही त्रास, आम्हालाही. आणि यंदा आम्हीच सगळे मिळून जाणार आहोत.” बाईंनी हातातली गुंडाळी पिशवीत टाकली. “बरं हाय की. घरच्यांसंगं गेलं तर लेकरांना बरंच वाटतं,” म्हणाल्या आणि माझ्याकडे न बघता पुढं गेल्या.

अण्णांनी शब्द पाळला. दुकान बंद ठेवून आम्हाला उरुसाला नेण्याची त्यांची ती पहिलीच वेळ. नवं धोतर, डोक्याला टोपी, एका हातात नंदू, दुसऱ्या हातात मी. मागून आई, तिच्या कडेवर पाच महिन्यांची बहीण. जे मागू ते अण्णा घेऊन देत होते. शिट्टी, फुगा, गुडदाणी, घोड्यांच्या चक्रीवर दोनदा. पण काय बोलावं हे त्यांना कळत नव्हतं आणि आम्हालाही. आम्ही खात होतो आणि ते घड्याळ बघत होते.

मग नंदूनं आकाशपाळण्याचा हट्ट धरला. आम्हा दोघांना बसवून अण्णा खाली उभे राहिले. पाळणा भरता भरता आम्ही एकेक टप्पा वर गेलो आणि अगदी वर जाऊन थांबलो. मी डोळे उघडे ठेवले होते. खालच्या अंगाच्या एका पाळण्यात पांढरं पातळ दिसलं. चौघांच्या जागेत बाई एकट्या बसल्या होत्या, मधोमध नव्हे, एका कडेला सरकून. त्यांनी मान वर केली. आम्ही दिसलो तशी त्यांनी हात उंच केला आणि त्यांचा सगळा चेहरा फुलला.

“नर्सबाई!” नंदू ओरडला. मी त्याच्या तोंडावर हात दाबला.

खाली अण्णा उभे होते, म्हणून. पण त्यांनी मला तसं सांगितलं नव्हतं. ते मी माझ्या मनानं केलं. बाईंचा हात हळूच खाली आला आणि जणू त्यासाठीच वर केला होता अशा थाटात त्यांनी अंबाडा नीट केला. पाळणा फिरायला लागल्यावर मी नंदूच्या बुटाकडे बघत राहिले.

उतरलो तेव्हा त्या आमच्याआधी उतरल्या होत्या. दहा पावलांवर उभ्या राहून आईच्या कडेवरच्या बाळाकडे बघत होत्या. आईनं बाळाच्या तोंडावरचं फडकं बाजूला केलं आणि ती किंचित वळली, बाईंना तोंड दिसावं इतकीच. अण्णा म्हणाले, “चला.” आम्ही चाललो. मी मागं वळून बघितलं नाही.

पुढच्या वर्षी बाईंची बदली झाली. खोली सोडताना त्या दवाखान्यातून परस्परच गेल्या, की घरोघर सांगून गेल्या, हे मला आठवत नाही. आमच्याकडे आल्या नव्हत्या एवढं नक्की.

चौदा वर्षं गेली. माझं लग्न झालं, मी परभणीत राहायला आले, दोन मुलं झाली. मुलांना उरुसात नेलं की मी आकाशपाळण्याचं टाळायची. एकदा डोस पाजायच्या रांगेत एका नर्सकडून कळलं की, बाई निवृत्त होऊन पिंगळीला राहतात. पिंगळी म्हणजे पुढचंच स्टेशन. त्याच आठवड्यात मुलांना घेऊन पॅसेंजरनं गेले. बौद्धवाड्याच्या कडेला दोन खोल्या, पुढं ओटा. बाई ओट्यावर डाळ निवडत होत्या. केस पांढरे झाले होते, पातळ मात्र रंगीत.

“कोण बाई?”

“मी मानवतची. मुकी.”

“अगं बया!” त्यांनी सूप बाजूला सारलं. माझ्या लेकीला जवळ ओढून म्हणाल्या, “किती भरली व्हती ही?”

“तीन किलो. सिझर झालं.”

“हं. आजकाल थांबतच न्हाईत कुणी.”

चहा झाला. मुलं कोंबड्यांमागं पळायला लागली. मी कसंबसं म्हणाले, “बाई, त्या वर्षी उरुसात…”

“दिसली व्हतीस की. पाळणेवाला म्हणत व्हता, बाई एकट्याच का, जोडीला कुणाला बसवू? म्हणलं राहू दे, माझी लेकरं येणार हायेत. कशाला म्हणले कुणास ठाऊक. आन वर बघते तर तुमीच.”

“मी लहान होते, बाई.”

“व्हतीस की,” त्या म्हणाल्या. डाळीतला एक खडा त्यांनी नीट लांब फेकला. “तू लहान व्हतीस. तुझे वडील लहान नव्हते.”

पुढं त्या वाटेला त्या गेल्या नाहीत. कुणाकुणाची पोरं काय करायलीत, ते विचारत राहिल्या.

महिन्यानं मानवतला गेले तेव्हा अण्णांना हे सगळं सांगितलं. ते वाक्यही सांगितलं. ते म्हणाले, “एकटीच असते का?” मी म्हटलं, “हो.” त्यांनी पिंगळीत घर कुठं, ते एकदा विचारून घेतलं.

उन्हाळ्यात मला बाईंचं कार्ड आलं. ‘तुझे वडील येऊन गेले. मी एका बाळंतपणाला बाहेर गेले होते. दोन तास ओट्यावर बसले म्हणे. शेजारणीनं पाणी दिलं, दोन तांबे प्याले. ऊन फार होतं. पुढच्या वेळी सांगून या म्हणावं.’

घरात अण्णांनी कुणालाच काही सांगितलेलं नव्हतं. मी मानवतला जाऊन त्यांना कार्ड वाचून दाखवलं. त्यांनी ते हातात घेतलं, चष्मा लावून स्वतः पुन्हा वाचलं.

“सांगून या म्हणजे,” ते म्हणाले, “काय सांगून येऊ?”

त्या दिवाळीच्या आत बाई बिऱ्हाड मोडून नागपूरकडे भाचीजवळ गेल्या. पत्ता आम्हा कुणाकडेच नव्हता.