उस्तादची टकटक

उस्ताद आला की आधी टकटक ऐकू यायची. दुबईत रास अल खोरमधल्या आमच्या साउंड सिस्टिमच्या गोदामात शिरल्याबरोबर तो डाव्या हाताची चार बोटं माझ्या टेबलावर आपटायचा. पन्नास वर्षं तारा दाबून बोटांच्या टोकांना असे घट्टे पडले होते की लाकडावर लाकूड आपटल्यासारखा आवाज यायचा. "ऐकलंस? माल अजून शाबूत आहे," म्हणायचा आणि मगच चहा मागायचा.

उस्ताद हे नाव आमच्या पेशावरी ड्रायव्हरनं ठेवलेलं. माणूस अस्सल इंग्रज. एके काळी खचाखच भरलेल्या स्टेडियममध्ये रॉक गिटार वाजवलेला. पुढे बँड फुटला, संसार मोडला आणि दहा वर्षं दारूत गेली. आता सत्तरी ओलांडून दुबईतल्या एका हॉटेलात आठवड्यातून तीन संध्याकाळी वाजवायचा. त्याच्या गिटारी सुरात लावून द्यायचं काम माझं.

राहायचा मात्र शारजात. सगळे तिथे कमी भाड्यासाठी राहतात, हा राहायचा तो तिथे दारू मिळत नाही म्हणून. येता-जाता ट्रॅफिकमध्ये दोन-दोन तास अडकायचा, पण तक्रार नाही. "इंग्लंडात माझ्या घराच्या कोपऱ्यावरच पब आहे. मी स्वतःला चांगला ओळखतो," म्हणायचा. पिणं सुरू झालं की गिटार सुटते आणि गिटार सुटली की घट्टे मऊ पडतात, हे त्यानंच मला सांगितलेलं. ती टकटक म्हणजे तो प्यायलेला नाही, याची हजेरी होती. मी जात्याच काळजीखोर. ती ऐकल्याशिवाय माझं कामात लक्ष लागेना.

दोनेक वर्षांपूर्वी त्याची बोटं आखडायला लागली. मग मी त्याच्या गिटारी एक सूर उतरवून लावू लागलो. तारा सैल राहतात, बोटांना कमी त्रास होतो. बँडमधले बाकीचेही एक सूर खाली वाजवायचे. त्याची बोटं आखडलीत याचा हॉटेलला पत्ता लागू दिला नव्हता. कळलं असतं तर कॉन्ट्रॅक्ट गेलं असतं, त्यामागोमाग व्हिसा, आणि मग तो कोपऱ्यावरचा पब. मला कायम तीच धास्ती. तोच उलट मला समजवायचा, "यल्ला, चल, माणूस उतरला की त्यानं सूरही उतरवावा. त्यात लाज कसली?"

एका संध्याकाळी हॉटेलचा नवा मॅनेजर समोर येऊन बसला. कॉन्ट्रॅक्ट वाढवायचं की नाही, ते तो ठरवणार होता. नेमका आमचा कीबोर्डवाला आजारी. बदली माणूस जाममधून सुटून धापा टाकत ऐन वेळी पोहोचला. त्याच्या वायरी जोडायच्या गडबडीत मी एकच गोष्ट सांगायला विसरलो. आम्ही एक सूर खाली वाजवतो, ही.

पहिल्याच ठोक्याला कीबोर्ड एकीकडे आणि गिटार दुसरीकडे. जेवणारी माणसं काटे-चमचे खाली ठेवून बघायला लागली. उस्तादनं सगळ्यांना थांबवलं, कीबोर्डवाल्याच्या कानात काहीतरी सांगितलं आणि पुन्हा सुरुवात केली. नंतर वाजवलं ते झकास, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

कार्यक्रम संपल्यावर मॅनेजर तरातरा आला. "यह गलती किसकी थी?" त्यानं मला विचारलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात उस्ताद मध्ये पडला. इतक्या वर्षांत त्याला एवढं हिंदी समजायला लागलं होतं. "माझी," तो म्हणाला. "कान गेले माझे."

पार्किंगमध्ये मी त्याच्यावर भडकलो. "उस्ताद, खरं का नाही सांगितलंत?"

"तुझी पोरगी इथे शाळेत जाते, हबीबी. माझं काय, खलास."

मी घरी जाऊन रडलो, हे लिहायला मला संकोच वाटत नाही. दुसऱ्या दिवशी मॅनेजरला खरं सांगायला मी जायला हवं होतं. गेलो नाही.

कॉन्ट्रॅक्ट गेलं आणि तो इंग्लंडला परतला, त्याला आठ महिने झाले. दर शुक्रवारी संध्याकाळी त्याचा फोन येतो. आधी फोनच्या काचेवर टकटक, मग हॅलो. शेजारी बसलेली माझी मुलगी विचारते, "बाबा, इज ही ओके?" मी मान हलवतो.

गेल्या शुक्रवारी टकटक फारच हळू आली.

"उस्ताद, पुन्हा वाजवा."

"लाइन खराब असेल," तो म्हणाला. मग त्यानं पुन्हा वाजवली, तीही मऊच. मी फोन कानावर गच्च दाबून ऐकत राहिलो. मुलगी तेच विचारत होती, आणि माझी मान काही हलेना.