मासळी न शिजवायच्या अटीवर

बसव्वाचं मालवणात तीन खोल्यांचं घर होतं आणि सोलापुरात तिला नीट पाय पसरायला जागा नव्हती. हे ऐकून लोकांना हसू यायचं. हसू आलं की बसव्वाला राग यायचा, आणि तो बरेच दिवस उतरायचा नाही.

बाळीवेशीत आमच्या बोळाच्या तोंडाशी तिचा धाकटा भाऊ महादेवप्पा राहायचा. चादरींचा व्यापारी. दुकान लहान, फिरणं फार. दिवाळी झाली की चादरींचे गठ्ठे एसटीच्या टपावर टाकून तो कोकणात उतरायचा, गावोगाव चादरी खपवायचा आणि मध्ये पंधरा-पंधरा दिवसांनी घरी डोकावून जायचा. बसव्वाचा नवरा गिरणीत मागावर होता. तो वारला तेव्हा फंडाचे पैसे आले. मूलबाळ नव्हतं. त्यामुळे त्या पैशांचं काय करायचं हे सगळ्या भावकीला एकदम कळलं, फक्त बसव्वाला विचारायचं राहिलं.

महादेवप्पानं मात्र विचारलं, हे खरं.

"अक्का, मालवणात एक घर हाय. कौलारू, परड्यात विहीर. मालक मुंबईला चाललाय, स्वस्तात देतोय. बदलीवाले लोक तितं खोल्या शोधत हिंडत असत्यात. भाडं घरबसल्या येतंय बघ."

"विहिरीला पाणी हाय?"

त्र्याहत्तर सालचा उन्हाळा होता. दोन घागरींसाठी बसव्वा पहाटेपासून नळापाशी बसायची.

"कोकण हाय ते. पाणीच पाणी."

"मग घे."

विकणाऱ्यानं तिकडच्या कचेरीत सही केली आणि घर बसव्वाच्या नावावर चढलं. तिनं ते पाहिलंसुद्धा नव्हतं. भाऊ पाहून आला होता, तेवढं पुरेसं होतं. तिनं एकच अट घातली.

"भाडेकरूला आधी सांगायचं. घरात मासळी शिजवायची न्हाय. गळ्यात लिंग हाय माझ्या, आन त्या भाड्यावर मी जगनार."

महादेवप्पा हसला. "अक्का, समुद्राच्या काठाला हाय घर."

"म्हणून तर सांगायचं. हितं कोण शिजवतंय?"

भाडं आलं की काय करायचं हेही तिनं ठरवून ठेवलं होतं. सोलापुरातच एक खोली घ्यायची. स्वतःची चूल, आणि दाराला आतून कडी. बास. भावाच्या घरात ती स्वयंपाकघराच्या मागच्या बोळकांडीत झोपायची. तिथं उशाला ज्वारीचं पोतं होतं आणि पायाशी पाट्याचा दगड.

दिवाळी झाली. महादेवप्पा कोकणातून परत आला आणि पाय धुता धुता म्हणाला, "भाडेकरू मिळंना, अक्का. येत्यात, घर आवडतंय, विहीर आवडती. अट सांगितली की एकमेकांच्या तोंडाकडं बघत्यात. एकजण तर म्हणाला, मालकीणबाईंना इचारा, समुद्र झाकून ठेवू का."

सगळं घर हसलं. नीलव्वा, महादेवप्पाची बायको, सगळ्यात जास्त वेळ हसली. त्या दिवसापासून तिला एक खेळणंच मिळालं. बसव्वा भाकरीला बसली की तिनं विचारावं, "काय मालकीणबाई, वटवाघळांनी भाडं धाडलं का?" भाजी वाढताना म्हणावं, "वाढते की. फुकटचं खानाऱ्याला भूक लई." फुकटचं म्हणजे काय ते आम्ही समोरच्या ओट्यावरून बघत होतो. ही बाई दिवसाला साठ-सत्तर भाकरी थापायची, कडक करून चळती लावायची आणि त्या खानावळींना विकून आलेले पैसे नीलव्वाच्या कनवटीला जायचे. पण फुकटचं म्हणत राहिलं की काही दिवसांनी ऐकणाऱ्यालाही ते खरं वाटायला लागतं. बसव्वाला वाटायला लागलं होतं. आपल्या एका हट्टापायी नवऱ्याच्या फंडाचा दगड झाला, असं ती माझ्या आईपाशी म्हणायची.

दुसऱ्या वर्षीही घर रिकामंच. मग एकदा रात्रीच्या जेवणाला तिनं ताट बाजूला सारलं.

"महादेवा, अट काढून टाक. शिजवू दे त्यास्नी काय शिजवायचं ते."

हे बोलताना तिनं गळ्यातलं लिंग मुठीत धरलं होतं. मग नीलव्वा म्हणाली, "चला, म्हंजे समुद्राला आता सुट्टी झाली."

महादेवप्पा ताटातून मान वर न करता म्हणाला, "आता उशीर झाला, अक्का. त्या घराचं नाव खराब झालंय गावात. इकून मोकळं हुऊ. गिऱ्हाईक हाय माझ्याकडं. त्या पैशात दोन माग घेतो, एक तुझ्या नावाचा. तुला कुटं एवढ्या लांब जायला लावू? मला मुखत्यारपत्र करून दे, मी तितं सही करतो. वकिलाला बोललोय. सोमवारी दुपारी कोर्टात ये, की झालं."

म्हणजे तिच्या जागी त्यानं सही करायची, आणि घर गेलं. घर गेलं की खोली गेली, चूल गेली, कडी गेली. बसव्वाला ते कळत होतं.

"सही देते," ती म्हणाली, "पर एकदा बघून येते."

"काय बघायचंय रिकाम्या घरात?"

"रिकामंच बघते."

तो त्यावर फार वेळ बोलला. घाट वाईट हाय, तिकडची बोली तुला कळायची न्हाय, बाईमाणसानं एकटं जायचं न्हाय. शुक्रवारी तो माल घेऊन पंढरपूरला गेला, तशी बसव्वानं घराचा कागद चोळीत खोचला, भाकरी फडक्यात बांधल्या, भावकीत जाऊन सोमवारी थेट कोर्टात येते असं नीलव्वाला सांगितलं आणि कोल्हापूरची एसटी पकडली. पुढचं तिनंच आम्हाला सांगितलं, तेही एकदाच. दुसऱ्यांदा सांगायला लावलं तर आवाज चढायचा.

शनिवारी दुपारी ती विचारत विचारत घरापाशी पोचली. अंगण सारवलेलं. दोरीवर पोरांच्या चड्ड्या वाळत होत्या, शेजारी खाकी शर्ट. आणि वास. पदर नाकाला लावून ती पायरीशीच थांबली. आतून एक बाई हात पुसत आली.

"कोण होया तुमकां?"

"हे घर कुणाचं हाय?"

"महादेवप्पा शेटचा. चादरीवाले. आमी भाडेकरू. माझो घोव एसटीत कंडक्टर आसा." बाईनं तिच्याकडे नीट पाहिलं. "तुमी खंयसून इलात? घामान न्हालात. बसा मगे. पानी हाडू?"

बसव्वा बसली नाही. "किती दिवस झाले ऱ्हाऊन?"

"दोन वर्सां झाली दिवाळेक."

दोन वर्षं. म्हणजे महादेवप्पा पाय धुता धुता समुद्र झाकायची गोष्ट सांगत होता तेव्हा ही बाई इथे चूल मांडून बसलेली होती.

"तुला अट घातली न्हवती?"

"कसली अट?"

"मासळीची."

बाईला आधी कळलंच नाही. मग ती हसायला लागली आणि बसव्वाचं तोंड बघून मधेच थांबली. बसव्वानं चोळीतला कागद काढून तिच्यापुढं धरला. बाई शिकलेली होती. तिनं नाव वाचलं आणि तिथंच पायरीवर बसली.

"घर तुमचा? शेट तर म्हणाले..." मग घाईघाईनं, "आमी भाडा चुकवूक नाय, बाय. शेट हय आसले तर हातात देतंव, नायतर मनिऑर्डर करतंव. पोची आसत माझ्याकडे." ती आत जाऊन पत्र्याचा डबा घेऊन आली. पोचेच्या प्रत्येक चिठ्ठीवर सही होती. महादेवप्पाची, शेवटच्या अक्षराला शेपूट काढलेली. दुकानाच्या हिशेबाच्या वहीत बसव्वानं ती हजारदा बघितलेली.

"मला तिच्यावर ओरडायचं हुतं," बसव्वा आम्हाला सांगत होती. "घरात मासे, अंगणात मासे, पोराच्या हाताला वास. ओरडायला तोंड उघडलं, आन कळलं की हिनं काय केलंय? हिला कुणी सांगितलंच न्हाय. सांगनारा माझ्या घरात बसून माझ्या हातची भाकरी खातोय."

द्वारका तिचं नाव. तिनं विचारलं, "बाय, तुमी आमकां भायर काढतल्यात?"

बसव्वा परड्यात गेली, विहिरीत वाकून बघितलं, पोहरा सोडला, पाणी काढलं, तोंड धुतलं. मग आली.

"ऱ्हावा. शिजव काय शिजवायचं ते. पर भाडं आता मला धाडायचं. पत्ता मी कळवते."

एक पोच तिनं मागून घेतली. रात्र तिनं पडवीत काढली, स्वतःच्याच घराच्या पडवीत, आणलेली भाकरी खाऊन, आणि रविवारी परत निघाली.

सोमवारी दुपारी ती एसटी स्टँडवरून थेट कोर्टात गेली. लिंबाच्या झाडाखाली मानसिंगराव वकिलांचं टेबल. महादेवप्पा आणि नीलव्वा आधीच येऊन बसलेले. बाई सही करणार म्हणून माझ्या वडिलांना साक्षीदार म्हणून बोलावलं होतं, तेही होते. महादेवप्पानं बहिणीच्या तोंडाकडे पाहिलं आणि घाईनं कागद तिच्यापुढं सारला.

"ये अक्का. हितं सही कर."

"आधी वाचा," बसव्वा वकिलांना म्हणाली.

"वाचायचं काय त्यात, बाई. नेहमीचाच मसुदा."

"वाचा की. माझ्याच घराचं हाय."

वकील वाचायला लागले. मध्ये आलं, 'सदर घर आजमितीस रिकामे असून कोणाच्याही ताब्यात नाही.'

"थांबा," बसव्वा म्हणाली. "त्या रिकाम्या घरात परवा दुपारी एक बाई, तिचा नवरा आन दोन पोरं बांगडे आन भात खात हुती. ते कुटं लिव्हलंय?" आणि पोच टेबलावर ठेवली.

वकिलांनी पोच पाहिली, मग महादेवप्पाकडे पाहिलं, मग टाक खाली ठेवला. नीलव्वा नवऱ्याकडे बघायला लागली. तिला यातलं किती माहीत होतं, ते आम्हाला आजवर कळलेलं नाही.

"अक्का, ऐक," महादेवप्पा म्हणाला. "तुझ्यासाठीच केलं. तुला कळलं असतं तर दुसऱ्या दिशी त्या बाईला भाईर काढली असतीस. भाडं बुडलं असतं. आन मी काय पैशे उडवले? घरातच आले की. त्यातनंच जेवलीस तू."

"जेवले." बसव्वाचा आवाज खाली गेला. वडील म्हणतात, ओरडली असती तर बरं वाटलं असतं. "माझंच जेवले. मग तुझी बायको माझ्या ताटाकडं बघून फुकटचं म्हणत हुती, तवा तू घास तोंडात धरून का बसलास? त्यात काय माझ्यासाठी हुतं?"

"अगं, बायकांच्या बोलण्यात मी कशाला..."

"बरं, ते सोड. अट काढून टाक म्हणाले मी. त्या दिशी तरी सांगायचं. हे लिंग मुठीत धरून बोलले, महादेवा. कधी न्हाय ते बोलले. तू ताटात बघत हुतास, आन ही हसत हुती. माझी अट घेतलीस आन मलाच कोंडून घातलंस तिच्यात."

आजूबाजूच्या टेबलांवरचे लोक आता उघड ऐकत होते. महादेवप्पा उठला. "चल, घरी चल. काय ते घरी बोलू. लोक बघत्यात."

"कुणाच्या घरी?"

बसव्वा वकिलांकडे वळली. "आता त्या बाईला कागद लिव्हा. द्वारका नाव हाय. भाडं बसव्वाच्या नावावर धाडायचं, दुसऱ्या कुणाला द्यायचं न्हाय."

वकिलांनी नवा कागद ओढला. दोन ओळी लिहिल्या. मग विचारलं, "पत्ता?"

इथे ती पहिल्यांदा अडली. तिला पत्ताच नव्हता. होता तो भावाचा. वडील म्हणतात, तिनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा कोर्टाच्या फाटकाकडे, आणि मग म्हणाली, "बाळीवेस. सरदारबींची मागली खोली."

सरदारबी म्हणजे कोपऱ्यावरची गोधड्या शिवणारी म्हातारी. तिच्या मागच्या अंगाची खोली भाड्यानं द्यायची होती, पण आमच्या बोळातलं कुणी तिकडे फिरकत नव्हतं.

आता नीलव्वा बोलली. "अक्का, भान हाय का? तिच्या घरात मटण शिजतंय."

"शिजतंय. आन शिजतंय म्हणून तोंडावर सांगती ती."

"पण बाई," वकील म्हणाले, "खोली घेतलीय का तुम्ही?"

"न्हाय अजून. तुमी पत्ता लिव्हा. मी आत्ता जाऊन घेते."